एकशे सत्तावीसच्या वरचं दुःख

…नाही, मशीन चुकलं असं म्हणू नका हो, तेवढं एक म्हणू नका! चुकलं असतं तर बरं झालं असतं, चुकणाऱ्याला चार शिव्या घालून माणूस मोकळा होतो. मशीनने सांगितलं तेच केलं, आणि त्याला सांगणारे कोण? आमचे बर्वे! मधुसूदन बर्वे, मूळचे मिरजेचे, लखनऊत विकास नगरला आमच्या डोक्यावर राहायचे, म्हणजे वरच्या मजल्यावर हो, आणि नोकरीही एकाच ठिकाणी, चिनहटच्या कारखान्यात. सरकारी कंपनी, पाण्याचे पंप बनवते, निदान बोर्डावर तरी तसं लिहिलंय. मी स्टोअरला, बर्वे कंप्यूटरला. आणि ब्याण्णव-त्र्याण्णव साली आमच्याकडे कंप्यूटर म्हणजे देवघर! काचेची खोली, बाहेर चपला काढायच्या, आत एसी, आणि त्या एसीत ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसलेले एकटे बर्वे. बाहेर लू वाहतेय, माणसं उसाच्या रसाच्या गाडीवर पडलीत, आणि हे आत चॉकलेटी स्वेटरात बटणं दाबतायत. स्वेटर सरोजवहिनींनी विणलेला. वहिनी तेव्हा मिरजेला होत्या, सासूपाशी, तेच तर सांगतोय.

तुम्हाला सांगतो, सरकारी कंपनीत माणसाला पगार नको असतो, पगार येतोच. माणसाला हवी असते बदली! आपल्या गावाला बदली! आमचे डेपो देशभर, एक मिरजेलाही, दोन टेबलं आणि एक पंप, तो पण बंद. पण बर्व्यांना तो डेपो म्हणजे वैकुंठ. लखनऊत आल्यापासून दरवर्षी अर्ज करायचे, दरवर्षी नामंजूर. कारण बदली मिळायची वशिल्याने. ज्याचा चाचा दिल्लीत, त्याला पाहिजे ते गाव. बर्व्यांचा चाचा कोण? एक काका होते ते इस्लामपूरला पिठाची गिरणी चालवायचे.

आणि त्यात आईंना झटका आला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. एकुलता एक मुलगा लखनऊत! मग काय, सरोजवहिनी गेल्या मिरजेला आणि इथे राहिले बर्वे आणि त्यांची पूर्वा, अकरावीतली पोर, शाळा सोडून नेणार कुठे तिला? बापलेक दोघं मिळून पोळ्या करायचे. त्या पोळ्या मी पाहिल्या आहेत, पोळ्या नव्हे हो, नकाशे. आमची वसुधा खालून भाजी पाठवायची, आणि पूर्वा डबा परत द्यायला यायची तेव्हा म्हणायची, “काकी, सब्जी बहुत अच्छी थी, पापा ने रो के खाई.” म्हटलं, तिखट झाली असेल. तिखट नव्हती.

तेवढ्यात आले श्रीवास्तव साहेब. हरिहर श्रीवास्तव, नवे पर्सोनेल मॅनेजर, गोरेपान, पान खाणारे, बोलणं असं अदबीचं की नोकरीवरून काढलं तरी माणूस शुक्रिया म्हणेल. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, यापुढे बदल्या कंप्यूटर करणार! “बर्वे जी, कंप्यूटर किसी का चाचा नहीं होता.” बर्वे तर गहिवरलेच. आयुष्यात पहिल्यांदा असा साहेब भेटला ज्याला न्याय हवा होता. म्हणजे काय, तर प्रत्येक अर्जदाराच्या अडचणींना गुण द्यायचे, गुणांची बेरीज, ज्याचं दुःख जास्त तो यादीत वर, वरच्यांना बदली. साधं, सोपं. प्रोग्राम कोण लिहिणार? बर्वे.

पण गुण किती द्यायचे? त्यासाठी समिती बसली, साहेब, युनियनचे आत्माराम तिवारी, बर्वे, आणि मी मिनिट्स लिहायला. अहो, ती बैठक! मी आयुष्यात बऱ्याच बैठका लिहून घेतल्या, पण दुःखाचा भाव ठरवायची बैठक ती एकच.

“लकवे के बीस,” साहेब म्हणाले.

“बीस?” तिवारी उसळले. “और दमे के सिर्फ़ आठ? दमेवाला क्या आराम से मरता है, साहब?”

“अच्छा, दस कर दीजिए.”

“बारह!”

“चलिए, बारह. मियाँ-बीवी अलग रहते हों तो पंद्रह.”

“साहब, कुछ लोगों को तो इसमें राहत है, उनके काटने चाहिए…”

सगळे हसले. मी ‘हशा’ लिहिलं आणि खोडलं. बर्वे हसले नाहीत, ते मान खाली घालून कोष्टक आखत होते. आणि मला सांगा, हसण्यासारखं काय आहे त्यात? लकवा वीस, मोतीबिंदू चार, विधवा बहीण घरात असेल तर नऊ! नऊच का? तर दहा म्हटलं तर सगळेच विधवा बहिणी काढतील, असं साहेबांचं मत पडलं.

आता इथे बर्व्यांचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काटकसर! चिक्कूपणा नव्हे हं, माणूस दिलदार, पण वाया गेलेलं बघवायचं नाही. टूथपेस्ट संपली की कात्रीने उभी चिरायची आणि आतून ब्रश फिरवायचा. एका काडीवर गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटवायच्या, आणि विझलेली काडी परत पेटीत, उदबत्तीला चालते म्हणून. लग्नाच्या पत्रिकांच्या मागे हिशेब. मिरजेहून लोणचं भरून आलेल्या बरण्या रिकाम्या परत मिरजेला, दोन दिवसांच्या गाडीने, मांडीवर! आणि हीच काटकसर या गृहस्थाने त्या मशीनच्या आत नेली.

थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका, मला समजलंय म्हणजे कोणालाही समजेल. मशीनच्या आत म्हणे डबे असतात. आकडा ठेवायचा तर आधी डबा कोणता ते सांगायचं. मोठ्या डब्यात बत्तीस हजारांच्या वर मावतं. लहान डबा त्याच्या निम्म्या जागेत बसतो, पण त्यात मावतं फक्त एकशे सत्तावीस. एकशे सत्तावीसच का, सव्वाशे का नाही, ते मी विचारलं होतं, चहा गार झाला पण उत्तर संपेना. आणि त्या लहान डब्यात निम्मी जागा उणे आकड्यांसाठी राखीव, तुम्हाला हवी असो नसो. म्हटलं, “बर्वे, दुःखात उणे कशाला?” म्हणाले, “नको असतं, पण डब्याबरोबर येतंच.” तर झालं असं, की सगळ्या देशभरच्या अर्जदारांची माहिती एका फ्लॉपीत बसवायची होती, दुसरी फ्लॉपी मागायची तर तीन साहेबांच्या सह्या. बर्व्यांनी विचार केला, दुःखाची बेरीज मोठ्या डब्यात करू, पण शेवटी ठेवताना लहान डब्यात ओतू. माणशी अर्धी जागा वाचली!

मी स्वतः होतो तिथे, श्रीवास्तव साहेबांनी विचारलं होतं हो. बिचाऱ्यांनी नेमकं तेच विचारलं. “बर्वे जी, और अगर किसी का एक सौ सत्ताईस से ऊपर निकल गया तो?”

बर्वे हसले. त्या माणसाला हसताना मी क्वचित पाहिलं, तेव्हा पाहिलं. म्हणाले, “साहब, इतना दुख किसको होता है?”

आणि खरंच, त्यांनी ताडून बघितलं होतं. एक खोटा कर्मचारी उभा केला, त्याला लकवेवाला बाप दिला, विधवा बहीण दिली, स्वतःला हृदयविकार, मूल अपंग, गाव हजार मैलांवर, आणि त्या काल्पनिक अभाग्याचीही बेरीज शंभराच्या आतच आली. बर्वे मला म्हणाले, “याच्यापेक्षा जास्त दुःख असलेला माणूस फॉर्म भरायला जिवंत राहणार नाही.” बरोबर होतं. हिशेबाने अगदी बरोबर! एवढं दुःख कोणाला असतं?

पण मग समिती परत बसली. तिवारींनी दोन कलमं वाढवली. एक, जो आपल्या भाषेच्या मुलुखाबाहेर आहे त्याला दरवर्षाचे गुण. दोन, ज्याचा अर्ज आधी नामंजूर झालाय, त्याला प्रत्येक नामंजुरीचे पाच. “साहब, इंतज़ार भी तो बीमारी है.” वा! काय बोलला माणूस! बर्व्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला. त्यांनी खोलीत जाऊन दोन्ही कलमं प्रोग्राममध्ये घातली, बेरजेत मिळवली. डबा? डबा तोच ठेवला. असं कोणाच्या लक्षात येतं हो? घरात पाहुणे वाढले की आपण तांदूळ वाढवतो, पातेलं तेच असतं.

आणि मशीनने सांगितलं नाही असंही नाही! तेच तर म्हणतोय, मशीनला बोल लावू नका. पडद्यावर एक ओळ यायची, इंग्रजीत, अर्थ असा की एका डब्यातून दुसऱ्यात ओतताना महत्त्वाचे आकडे हरवू शकतात. चूक नव्हे, इशारा. ती ओळ श्रीवास्तव साहेबांना एकदा दिसली आणि ते दचकले, “ये क्या खो जाएगा, बर्वे जी?” आता हेड ऑफिसची माणसं यायची होती प्रोग्राम बघायला, त्यांच्यासमोर ती ओळ आली असती तर? मशीनमध्ये इशारे बंद करायची सोय असते. बर्व्यांनी केली बंद. पडदा स्वच्छ झाला, काळाभोर.

मग फ्लॉपीला मोहोर! ती कल्पनाही बर्व्यांचीच, कोणाला सांगता? “साहब, यादी लागण्याआधी काय नि नंतर काय, प्रोग्रामला हात लागता कामा नये, नाहीतर वशिलेबाजी मागल्या दाराने येईल.” तर प्रोग्रामची फ्लॉपी पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेवर साहेबांचा शिक्का, तिवारींची सही, आणि नियम असा, की एकदा यादी निघाली की पुढल्या वर्षापर्यंत कोणी, अगदी कोणीही, प्रोग्राममध्ये अक्षर बदलणार नाही. बर्व्यांनी तो नियम स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला. कार्बन घालून. तीन प्रती.

मग स्वतःचा फॉर्म भरला. हाताने बेरीज केली. मिरज किती लांब, त्याचे, लकव्याचे वीस, बायको दूर त्याचे पंधरा, आईला दुसरं कोणी नाही त्याचे, स्वतःचा रक्तदाब, परभाषेतली वर्षं, आणि नामंजुऱ्या, नामंजुऱ्या, नामंजुऱ्या… एकशे एकतीस! ऑफिसात दुसरं कोणी एकशे वीसला टेकत नव्हतं. कँटीनमध्ये लोक पाठ थोपटायला लागले, “बर्वे जी, आपका तो टॉप है!” सांगा मला, दुःखात पहिला येतोय म्हणून माणसाचं अभिनंदन कुठे झालेलं पाहिलंय का तुम्ही? मी पाहिलंय. बर्वे लाजले.

घरी बांधाबांध सुरू. कूलर माझ्याकडे आणून ठेवला, “मिरजेला लागत नाही, तुम्ही वापरा.” पूर्वा मैत्रिणींचे पत्ते लिहून घ्यायला लागली. आणि रविवारी सकाळी मार्केटमधल्या एसटीडी बूथवर फोन. तो फोन मी ऐकलाय, कारण मागे रांगेत मीच असायचो. बर्व्यांचा एक डोळा मीटरवर, कान मिरजेला. वहिनी आईंच्या कानाला फोन लावायच्या. आईंचं बोलणं सगळं कळायचं नाही, पण एक कळायचं. “किती… मार्क… पडले?” त्यांना ते परीक्षेसारखंच वाटत होतं. बर्वे ओरडून सांगायचे, “आई, यादी लागायची आहे! पण शंभराच्या वर!” आणि एकदा आई म्हणाल्या, वहिनींनी परत नीट सांगितलं म्हणून कळलं, की माझे वीस धरलेस ना रे? म्हणजे आपल्या आजारपणाचे वीस! अंथरुणावर पडून मुलाच्या काही उपयोगी पडलो, याचं समाधान हो त्या बाईला. बर्व्यांनी फोन ठेवला, पैसे दिले, आणि मीटरची चिठ्ठी न घेताच निघाले. तेव्हाच मी ओळखलं की माणूस हलला आहे.

आणि यादी लागली.

लांबलचक कागद, कडेला भोकं असलेला, नोटीस बोर्डावरून खाली लोंबत होता. पहिलं नाव गोपीनाथ सक्सेना, एकशे अठरा. बर्वे म्हणाले, “आं?” दुसरं नाव, तिसरं… बोट खाली, खाली, माणूस वाकला, मग उकिडवा बसला. शेवटून दुसरा एक महाभाग होता, त्याने लखनऊहून लखनऊलाच बदली मागितली होती, फॉर्म चुकून भरला होता, त्याला शून्य. आणि त्या शून्याच्याही खाली, अगदी तळाला, जमिनीला टेकलेलं नाव, बर्वे एम. के., उणे एकशे पंचवीस!

कसं, ते मला नंतर कळलं. डब्यात मावलं नाही तर आकडा सांडत नाही, ओरडत नाही, नुसता फिरतो, स्कूटरचा किलोमीटरचा काटा शेवटाला गेला की परत पहिल्यापासून येतो ना, तसा. फक्त या डब्यात पहिल्यापासून म्हणजे उण्याच्या तळापासून. एकशे सत्तावीसपर्यंत तुमचं दुःख दुःख असतं, त्याच्यावर एक वाढलं की तुम्ही जगातले सगळ्यात सुखी! अख्ख्या देशात एकच माणूस निघाला त्या रेषेच्या वर. ज्याने रेषा आखली तो.

लोक हसले. का नाही हसणार? सक्सेना तर पोट धरून हसला, “यानी बर्वे जी, कंपनी का दुख आप पर बाक़ी है?”

बर्वे धावत साहेबांकडे. मी मागे. “साहब, एक शब्द बदलायचाय, एकच, लहान डब्याच्या जागी मोठा, मिनिटभराचं काम!” धड मराठी नाही, धड हिंदी नाही, तोंडाला येईल ते बोलत होते. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, पान बाजूला ठेवलं.

“बर्वे जी, प्रोग्राम किसने लिखा?”

“मैंने.”

“बदलेगा कौन?”

“मैं… मीच…”

“और बदलने से ऊपर किसका नाम आएगा?”

साहेब हळू आवाजात म्हणाले, “दूसरे किसी एक आदमी का भी ग़लत निकला होता, तो मैं अभी सील तोड़ देता. सिर्फ़ आपका निकला है. लोग क्या कहेंगे?”

“लेकिन साहब, हाथ से जोड़ के देखिए, एक सौ इकतीस…”

“हाथ से तो हम पहले भी जोड़ते थे, बर्वे जी. इसीलिए तो मशीन लाए.”

तिवारींना बोलावलं. तिवारी चांगला माणूस हो, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण त्यांनी तो नियमाचा कागद काढला, बर्व्यांच्याच अक्षरातला, आणि नुसता पुढे सरकवला. म्हणाले, “आज आपके लिए खुलेगा, कल किसी के चाचा के लिए.” सांगा, काय उत्तर द्यायचं याला? मी चिडलो, साहेबांवर चिडलो, तिवारींवर, सक्सेनावर, पण ज्याच्यावर चिडायला हवं तो माझ्या शेजारी बसून स्वतःचं अक्षर वाचत होता. बाहेर येताना दारात थांबले आणि मलाच विचारलं, अगदी खरोखरचा प्रश्न असल्यासारखं, “एवढं दुःख कोणाला असतं, हो?”

रविवारी फोन. मी रांगेत. “आई, यादी लागली.” पलीकडून काहीतरी. बर्व्यांनी मीटरकडे बघितलं नाही. म्हणाले, “पहिला आलो.”

घरी आल्यावर पूर्वा म्हणाली, “पापा, सेकंड बोल देते ना, थोड़ा तो सच लगता.” पण आता बाण सुटला होता. मिरजेत आईंनी डाव्या हाताने खूण करून पेढे आणवले, आळीत वाटले. मुलगा पहिला आला, आता येतोय! मग रोज विचारणं, कधी येतो? वहिनी सांगायच्या, ऑर्डर निघतेय. आठवडाभराने, ऑर्डर निघतेय. दिवाळीला, टायपिंगला गेलीय. अहो, खोटं बोलून बोलून त्या बाईची रया गेली! फोनवर एकदा नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही रजा टाकून या, मला एकटीने आता हे पेलत नाही.” बर्वे म्हणाले, रजा वाचवतोय, बदली झाली की सामान हलवायला लागेल. काटकसर! इथेही काटकसर! तेव्हा मी त्यांना धरून गदागदा हलवायला हवं होतं की नाही? पण कोण कोणाला हलवतो हो, मीही त्यांच्याच कूलरच्या वाऱ्यात झोपत होतो.

थंडीत तार आली. लखनऊची थंडी, धुकं असं की समोरचा माणूस दिसत नाही, गाड्या सगळ्या उशिरा. बापलेक निघाले, झाशीला गाडी चुकली, दुसरी पकडली, आणि मिरजेला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजाऱ्यांनी केलं. वहिनी म्हणाल्या, शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या. आणखी काय सांगू?

परत आले ते तिघं आले. मिरजेच्या घराला कुलूप. वहिनींनी आल्या आल्या स्वयंपाकघर धुतलं, आणि बर्व्यांची नकाशाची पोळी बंद झाली, तेवढंच.

मग उन्हाळा, मग परत फॉर्म. श्रीवास्तव साहेब स्वतः काचेच्या खोलीत आले, चपला काढून, पहिल्यांदाच. फार अवघडून म्हणाले, “बर्वे जी, माताजी वाला कॉलम… अब काटना पड़ेगा.” कॉलम भरणार कोण? मशीनवर बसणारा एकच. बर्व्यांनी स्वतःच्या बोटाने वीसच्या जागी शून्य केलं. आईला दुसरं कोणी नाही, त्याचे पण शून्य. बायको आता जवळ, पंधरा गेले. आणि गेलेल्या आईचे? तिचे गुणच नव्हते! समितीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिवारींच्या सुद्धा नाही. मरेपर्यंत वीस, मेल्यावर काही नाही.

त्या वर्षी लाख फोडली, रीतसर, सगळ्यांसमोर, आणि बर्व्यांनी तो एक शब्द बदलला. लहान डब्याच्या जागी मोठा. दुसरी फ्लॉपी मागवली, तिन्ही सह्या एका दिवसात झाल्या! मला म्हणाले, “आता बत्तीस हजारांपर्यंत कितीही येऊ दे.” आणि त्यांची बेरीज किती आली, माहितीये? नव्वदच्या घरात. जुन्या डब्यात आरामात मावली असती, वर जागाही उरली असती.

आणि यादी लागली. गेल्या वर्षीचे वरचे सगळे सुटले होते, सक्सेना तर कधीच बरेलीला पोचला होता. पहिलं नाव, सगळ्यात वर, बर्वे एम. के.! पहिला आला माणूस, हो! खरंच पहिला आला! कोणी हसलं नाही, कोणी अभिनंदन केलं नाही, लोक बोर्डापासून बाजूला झाले. बर्वे उभे राहिले, वाचलं, आणि एवढंच म्हणाले, “आईला खोटं नाही सांगितलं मी. लवकर सांगितलं.” मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

ऑर्डर हातात, मिरज. आणि आता जाणार कशाला? घराला कुलूप, बायको इथे, पूर्वा बारावीला, बोर्डाचं वर्ष, ती तर सरळ म्हणाली, “पापा, मैं नहीं जाऊँगी, वहाँ अब है कौन?” बर्व्यांनी अर्ज केला, निदान वर्षभर बदली थांबवा. साहेब म्हणाले, ज़रूर, पण त्याचाही नियम आहे, ऑर्डर थांबवायची तर नव्या गावी काय अडचण आहे त्याचे गुण लागतात. प्रोग्राम आहेच. माहिती भरायला बर्वे आहेतच. बसले भरायला, मी शेजारी. गावापासून अंतर? गावच ते. परभाषा? नाही. राहायला घर? आहे. बायको दूर? नाही. आईवडील आजारी?

बर्व्यांनी “नाही” भरलं.

कूलर परत मागायला ते कधी आले नाहीत, मीच कोळ्याची जाळी झाडून वर नेऊन ठेवायला गेलो, तर सामान बांधून झालेलं. म्हटलं, “बर्वे, निकाल काय लागला?” म्हणाले, “शून्य.” आणि मग त्या रिकाम्या लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “त्याची काळजी नाही हो. शून्य कुठल्याही डब्यात मावतं.”